दशकआत्या सुटं देत नाही

साहेब शाळा तपासायला आले तेव्हा मी लुगडं नेसून उभा होतो.

लुगडं आमच्या गयाबाईंचं. त्या शाळेची खिचडी शिजवतात. लुगडं त्यांनी मोठ्या मनानं दिलं, पण "फाडलं तर नवं घेऊन द्यावं लागंल बगा" असं बजावूनच. मी ते पॅन्टवरूनच गुंडाळलं होतं, डोक्यावर पदर घेतला होता आणि कपाळाला लाल खडूचं कुंकू लावलं होतं. मिशा तशाच होत्या. मी दशकआत्या होतो.

या अंकासाठी संपादकांनी 'लहान मुलांना गणित आनंदानं कसं शिकवावं' असा विषय दिला आहे. त्यावर व्याख्यान द्यायची माझी लायकी नाही. आनंदानं शिकवण्याची प्रशिक्षणं मी भरपूर केली आहेत. तिथं आम्हाला दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, पडद्यावरचं वाचून दाखवत, सांगितलं जातं की मुलांना नुसतं बसवून वाचून दाखवू नका. चहा मात्र चांगला असतो. मला जे काही येतं ते राणीसावरगावच्या बाजूला एका छोट्या गावातल्या दोन शिक्षकी शाळेत, पोरांनी हसून हसून शिकवलेलं आहे. तेवढंच सांगतो.

दशकआत्या म्हणजे हातच्याची वजाबाकी. बत्तीसमधून सतरा वजा करा, असं फळ्यावर लिहिलं की आमची तिसरी भिंतीकडं बघायला लागते. म्हणून मी तुराट्या आणल्या. तूर काढल्यावर जी वाळकी खोडं उरतात ती प्रत्येकाच्या घरामागं रचलेली असतात, फुकट आणि मुबलक. त्यांचे वीतभर तुकडे केले. दहा तुकड्यांची एक मोळी बांधली. अंगणात खडूनं दोन घरं आखली. एककाच्या घरात सुट्या काड्या, दशकाच्या घरात नुसत्या मोळ्या, आणि त्या मोळ्यांवर बसलेली एक महाकंजूष आत्या. एकक गरीब. त्याच्याकडं दोनच काड्या, आणि दारात मागणारा उभा, सात द्या म्हणून. मग एकक आत्याच्या दारात जातो.

"आत्या, ओ आत्या, पाच काड्या द्या की."

"सुटं न्हाई!" मी पदर सावरत ओरडायचो. "घ्यायची तर मोळी घे, न्हाई तर चालता हो!"

एकक मोळी नेतो, घरी जाऊन सोडतो. दहा आणि दोन बारा. सात देतो, पाच उरतात. आत्या इकडं उरलेल्या दोन मोळ्या छातीशी धरून रडत बसते, त्यातलीही एक मागणारा घेऊन जातो. उरले पंधरा. हातचा म्हणजे काय हे पोरांना एकदाच कळतं आणि जन्मभर राहतं, कारण मिशीवाली आत्या रडताना त्यांनी पाहिलेली असते.

त्या दिवशी आत्या रडत असतानाच फाटकात जीप थांबली.

"शिक्षक कुठं आहेत?" साहेबांनी मलाच विचारलं.

"मीच," मी म्हणालो. पदर काढावा की राहू द्यावा, हे मला सुचेना. नियमावलीत त्याबद्दल काही नाही.

साहेबांनी आधी माझ्या मिशा पाहिल्या, नंतर पदर. मग त्यांनी एककाचं काम करणाऱ्या मुक्ताला बोलावलं. मुक्ता तिसरीत. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन कायम हरवलेली, आणि तोंडावर असा भाव की जगात कुणीतरी तिला फसवायला बसलंय आणि ती फसणार नाही. साहेबांनी उरलेल्या काड्या तिच्यापुढं सुट्या करून ठेवल्या.

"मोज बाळ."

मुक्तानं काडी उचलली. "लाभ. दोन. तीन. चार..."

"थांब. एक कुठं गेला?"

"एक म्हणायचं नसतंय, साहेब."

"का?"

"एक म्हणलं की रास एकावरच र्‍हाती. लाभ म्हणायचं. मंग बरकत येती."

साहेब शहरातले. आमच्याकडं धान्याची रास मोजताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, हे त्यांना कसं ठाऊक असणार? आमची पोरं अंक शाळेत शिकत नाहीत, खळ्यात शिकतात. मी समजावू लागलो. पण लुगडं नेसलेल्या माणसाचं स्पष्टीकरण कुणी गंभीरपणे ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे. साहेबांनी शेरा मारला की मुलांना एकपासून मोजता येत नाही आणि शिक्षकानं पेहरावाकडं लक्ष द्यावं. दुसरी सूचना मी पाळली. त्यानंतर लुगड्याला पिना लावायला लागलो.

माझे सहकारी लोखंडे सर त्या वेळी शेजारच्या वर्गात बेचा पाढा घेत होते. लोखंडे सरांचा पाढ्यांवर इतका विश्वास आहे की ते जांभईसुद्धा तालात देतात. साहेब गेल्यावर ते म्हणाले, "तुम्ही शिकवता चांगलं हो. पण शिकवताना तुम्हाला कुणी पाहू नये."

लोखंडे सरांना माझं शून्यही पटलेलं नव्हतं. शून्य म्हणजे काहीच नाही, हे मुलांना सांगणं सोपं आहे. पण मग दोनशे पाच लिहिताना ती हमखास पंचवीस लिहितात. काहीच नाही ते लिहायचं कशाला? पोरांचं बरोबरच आहे. मी वर्गात एसटी आणली. तीन खुर्च्या ओळीनं. शेकड्याच्या खुर्चीवर दोनचं पोरगं, एककाच्या खुर्चीवर पाचचं, मधली रिकामी. गंगाखेडच्या स्टँडवर गाडी लागली की आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. रुमाल म्हणजे माणूस नव्हे, पण जागा धरलेली असते. मधल्या खुर्चीवर रुमाल टाकला. तेच शून्य. रुमाल कुणी उचलला की दोन घसरून मधे येतो आणि दोनशेपाचाचे पंचवीस होतात. त्या दिवसापासून आमच्या शाळेत शून्याला कुणी किरकोळ समजत नाही.

सगळेच प्रयोग जमले असं नाही. अपूर्णांकासाठी मी भाकरी आणली होती. अर्धी, चतकोर, सगळं बोटांनी मोडून दाखवलं. चार भागांतले तीन भाग ओट्यावर ठेवून मी वळलो, तेवढ्यात हटकरांच्या पोरामागून रोज शाळेत येणाऱ्या शेळीनं ते उरकले. "सांगा, किती उरले?" मी न बघता विचारलं. "शेळीच उरली, गुरुजी," उत्तर आलं. त्या दिवशी अपूर्णांक तिथंच थांबले.

तर, लुगड्याची खबर गावभर झाली. गावात दोन हॉटेलं आहेत आणि बातमी पोचायला एकच पुरतं. चौथ्या दिवशी मुक्ताचे वडील किसन शाळेत आले. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

"गुरुजी, दिवाळीच्या आधी आमची टोळी उसाला जायलीय. औंदा मुक्तीला बी नेतो."

"आजी आहे की गावात. गेल्या वर्षी तिच्यापाशीच राहिली होती."

"र्‍हायली. पण गेल्या वर्षी ती शिकायली असं वाटलं होतं. तुमी लुगडं नेसून नाचायलात म्हणं. नाच बघायलाच ठिवायची तर तिथं पाणी तरी भरंल."

त्यांचा आवाज चढला नाही. हे जास्त वाईट. ऊसतोडीला गेलेलं पोर सहा महिन्यांनी परत येतं तेव्हा त्याच्या हाताला घट्टे असतात आणि अंक पुसलेले असतात. काही पोरं पुढच्या वर्षी वर्गात येतातच असं नाही. मुक्ता मागं उभी होती. बापाकडंही बघत नव्हती आणि माझ्याकडंही. वेणीचं टोक तोंडात धरून जमिनीकडं बघत होती.

नाटकी माणसाला आव्हान दिलं की तो पडदा उघडतोच. मी म्हणालो, "किसनराव, पारावर या. सगळ्या गावापुढं परीक्षा घ्या. तुमच्या मनासारखी. तिला आलं नाही तर न्या."

"आलं तर?"

"आलं तर राहील."

किसननं मान हलवली. मला वाटलं, ठरलं.

परीक्षा त्यानंच काढली, आणि अशी काढली की मला घाम फुटला. उसाच्या फडात ट्रक भरताना कुणाच्या किती मोळ्या चढल्या हे मुकादमाचा माणूस तोंडानं मोजतो. मधेच त्याला फोन येतो. फोन झाल्यावर तो कुठून पुढं मोजतो ते त्यालाच माहीत. किसननं मारुतीच्या पारासमोर बैलगाडी लावली आणि तुराटीचा ढीग टाकला. तो आणि त्याचा भाऊ एकेक तुराटी गाडीत फेकणार, मुक्ता मोजणार, आणि बाकीच्या गावानं तिला चुकवायचं.

गावाला हे काम मनापासून आवडलं. "एकोणचाळीस!" कुणी ओरडायचं. "चौऱ्यांशी!" "अगं मुक्ते, तुझी शेळी सुटली!" हॉटेलवाल्यानं तर मोबाइलवर गाणं लावलं. मुक्ता पारावर मांडी घालून बसली होती. डावीकडं बारीक खड्यांचा ढीग. ओठ हलायचे, दहा झाले की एक खडा उजवीकडं. दहा खडे साचले की ते परत डावीकडं आणि त्यांच्या बदल्यात एक मोठा दगड उजवीकडं. मी दशकआत्याच्या भूमिकेत तिला जे शिकवलं होतं तेच, फक्त उलट्या बाजूनं: दहा सुटे झाले की मोळी बांध आणि विसरून जा. डोक्यात ओझं ठेवायचं नाही, दगडावर ठेवायचं.

गाडी भरली. मुक्तानं मान वर केली. "दोनशे पाच."

"लिहून दाखव," मागून एक म्हातारा म्हणाला.

तिनं मातीत बोटानं लिहिलं.

"मधी गोल कामून काढलास?"

"रुमाल टाकलाय, आजोबा. जागा धरायला."

म्हातारा पंढरीअण्णा. त्यांना काय कळलं ते कळलं नाही, पण आपल्या खांद्यावरचा रुमाल त्यांनी चाचपून पाहिला. लोखंडे सरांनी गाडी रिकामी करून सगळ्या तुराट्या पुन्हा मोजल्या. दोनशे पाचच भरल्या. पार टाळ्यांनी दणाणला. मी तर वाकून वाकून गावाला मुजरा करायला लागलो.

किसननं लेकीला उचलून खांद्यावर घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"गुरुजी, मानलं बगा तुमाला! आता हिला उसाला न्यायलाच पायजे. आता कोणता मुकादम आमाला गंडवतोय बगूच!"

माझा मुजरा अर्ध्यातच राहिला.

"अहो, पण ठरलं होतं..."

"ठरलं तवा ही इतकी हुशार हाय ते कुणाला ठावं होतं?" किसन म्हणाला, आणि सगळ्या पारानं माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीनं हा माझा विजय होता. मी पोरीला असं काही शिकवलं होतं की आता शाळेत ठेवणं परवडणार नव्हतं. इतक्या यशस्वीपणे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला दुसरा शिक्षक परभणी जिल्ह्यात नसेल.

मी साहेबांना कळवायचं म्हटलं. लोखंडे सर म्हणाले, "कळवा. साहेब विचारतील, लुगड्याचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुक्ताची आई शोभा आली. कामावरूनच आली होती, हाताला सोयाबीनचा धुरळा. पारावर ती बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती.

"गुरुजी, ते काड्याचं मला बी दाखवा."

"तुम्हाला कशाला, ताई?"

"त्यास्नी मोजायला माणूस पायजे ना? मी मोजीन. माझ्याजवळ दोन डोळे हायतच की. पोरगी र्‍हाऊ द्या."

मी काही बोलायच्या आतच मुक्तानं तुराट्यांच्या मोळ्या आणून आईपुढं आपटल्या. त्या संध्याकाळपासून शाळेच्या ओट्यावर वर्ग सुरू झाला. शिक्षिका मुक्ता, विद्यार्थिनी शोभा, आणि मी नोकरवर्गात. मुक्ताइतकी कडक बाई मी आजवर पाहिलेली नाही.

"आई, कुणीकडं बघायलीस? इकडं बघ."

"अगं, चुलीवर डाळ ठिवून आले..."

"डाळ आजी बघंल. मोज!"

अडचण निराळीच निघाली. शोभा दहावर थांबायचीच नाही. दहाची मोळी बांधली की तिच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा, जसं कुणी अर्ध्या रस्त्यात उतरवलं. मुक्ता चिडायची, मोळी सोडायची, परत बांधायची. तिसऱ्या दिवशी मुक्ता म्हणाली, "दोनशे पाच," आणि शोभा सहज बोलून गेली, "म्हंजी धा विसा नि पाच की."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शोभाच्या माहेरी सगळे विसांनी मोजतात. कोंबडीची अंडी विसांत, गोवऱ्या विसांत, वयसुद्धा विसांत. माझी दशकआत्या तिच्या कामाची नव्हती. मी तिथल्या तिथं आत्याला सेवानिवृत्त केलं आणि वीस तुराट्यांची मोळी बांधली. दिवेलागणीपर्यंत शोभा अशी मोजायला लागली की मुक्तालाच खडे टाकायला वेळ पुरेना.

"हे अभ्यासक्रमात नाही," लोखंडे सर ओट्याच्या खालून म्हणाले.

"मग वर येऊन बसा," मी म्हणालो. "अभ्यासक्रमाबाहेरची माणसं वरच बसलीत."

ते आले, आणि वीसचा पाढा म्हणून दाखवून गेले. खरं सांगायचं तर त्याचा उपयोग झाला.

किसनला मात्र पटेना. "हिला मोजायला यायलंय?" तो हसायचा.

"तुमाला तरी कुठं यायलंय?" शोभा म्हणायची.

तो हसायचा थांबायचा, पण निर्णय बदलायचा नाही. बायकोनं मोजलेलं मुकादम ऐकणार नाही, असं त्याचं म्हणणं. शिकलेल्या पोरीचं ऐकंल.

टोळी निघायची सकाळ उजाडली. वेशीपाशी ट्रक उभा. पिंपं, भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या, गोधड्या, वर माणसं. मुक्ताचं बोचकं चढलेलं. मुक्ता डोक्याला फडकं बांधून बायकांत बसलेली. मी शाळा लोखंडे सरांवर सोपवून आलो होतो. कशाला आलो होतो, ते मलाही माहीत नव्हतं. माझ्याजवळ आता एकही सोंग शिल्लक नव्हतं.

टोळीत बारा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, म्हणजे चोवीस मोठी माणसं. मुकादमाच्या माणसानं फळीवर उभं राहून बोट नाचवत मोजलं.

"चोवीस. भरले. चला!"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. शोभा अजून खालीच होती, एक हात फळीवर; तिलाही त्यानं मोजणीत धरलं होतं. ती ट्रककडं बघून पुटपुटत होती. एकदम तिनं पत्र्यावर धाडकन थाप मारली.

"थांबवा! एक वीस नि तीनच हायत!"

"चोवीस हायत, बाई. चढा वर."

"एक वीस नि तीन."

मी पुढं झालो. मोजणारा माणूस स्वतःला मोजायचं विसरतो, हे मी वर्गात शंभरदा पाहिलं आहे. हळूच विचारलं, "ताई, स्वतःला धरलं का?"

"धरलं की! मी काय माणूस न्हाई?"

मुकादमाचा माणूस वैतागून पुन्हा मोजायला लागला. त्याचं बोट एकेका डोक्यावरून फिरत मुक्ताच्या फडक्यावर आलं आणि तिथं शोभानं ते धरलं. अक्षरशः धरलं, मुठीत.

"हिला कशापायी मोजायलात?"

"वर बसलीय म्हणून."

"ती कोयता न्हाई. आठ वर्सांची पोरगी हाय. तिला सोडून मोजा."

त्यानं मुक्ताला सोडून मोजलं. तेवीस. आता ट्रकमधले सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कोण नाही? बायकांनी नवरे चाचपले, नवऱ्यांनी बायका. शोभा एकेक चेहरा बघत शेवटापर्यंत गेली आणि मग कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बया, आमचेच न्हाईत!"

किसन दुकानात तंबाखूच्या पुड्या घ्यायला गेला होता. ट्रकचा आवाज ऐकून तो रस्त्यानं पळत आला. एका हातात पुड्या, एका हातात चप्पल. सगळा ट्रक असा हसला की कोंबड्या ओरडायला लागल्या.

"मला टाकून निघाला व्हतात?" तो धापा टाकत होता.

"मुकादमाच्या मोजणीनं तुमी वरच बसला व्हतात," शोभा म्हणाली. "तुमच्या जागी लेक मोजली त्येंनी."

किसननं वर पाहिलं. मुक्ता त्याच्याच गोधडीवर बसली होती. त्याचा चेहरा उतरला. पुड्या त्यानं खिशात कोंबल्या. मग चप्पल पायात घातली, ट्रकवर चढला, मुक्ताला दोन्ही हातांनी उचललं आणि फळीवरून माझ्याकडं खाली दिलं. पाठोपाठ तिचं बोचकं आलं.

"मोजणारा माणूस हाय आमच्याजवळ," तो मुकादमाच्या माणसाला म्हणाला. मग तंबाखू मळायला लागला, बायकोकडं न बघता.

शोभा वर चढली. चढल्या चढल्या पुन्हा एकदा सगळ्यांवरून बोट फिरवलं. "एक वीस नि चार. हां, आता चला."

"रोज असं मोजणार का काय, बाई?" मुकादमाचा माणूस म्हणाला.

"रोज."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मीच त्याच्या ट्रकात साप सोडला होता. मी हात जोडले.

ट्रक गेला. आजी मुक्ताचं बोचकं घेऊन घराकडं वळली. मुक्ता मात्र हलली नाही. धुरळा बसला, रस्ता रिकामा झाला, तरी ती तिथंच उभी होती आणि तिची बोटं हलत होती. आई किती दिवसांनी येणार, ते ती मोजायला लागली होती. एरवी मी पोरांची बोटं हलताना पाहिली की विचारतोच, किती झाले? त्या सकाळी विचारलं नाही. तिचा हात धरला आणि आम्ही शाळेकडं निघालो.